हंसाच्या पोटांतील चक्र

आपल्या जुन्या पंडितांनीं जे लौकिक न्याय सांगितले आहेत त्यांत अंधपंगुन्याय हा फार लोकप्रिय आहे. आंधळ्यानें पांगळ्यास खांद्यावर घ्यावें, पांगळ्यानें वाट दाखवावी, आणि दोघांनीं मिळून अरण्यांतून पार पडावें, ही कल्पनाच इतकी गोड आहे कीं, सांख्यांनीं तिच्यावर प्रकृतिपुरुषांचा सगळा संसार उभा केला. परंतु या न्यायाची एक अट लोक सहसा विसरतात. दोघांचीं व्यंगें निराळीं असावीं लागतात. दोन आंधळे एकत्र आले तर वाट सांपडत नाहीं. दोन पांगळे एकत्र आले तर वाटचाल होत नाहीं. आणि दोघेही ऋणको असले, तर त्यांच्या मीलनानें धनकोचें मात्र काम सोपें होतें, कारण त्याला दोन दारें ठोठावण्याऐवजीं एकच दार ठोठावावें लागतें.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी विमानसंस्थांचें इ. स. २००७ सालीं जें विलीनीकरण झालें, त्याचा इतिहास मनांत आला म्हणजे ही विसरलेली अट आम्हांस आठवते. प्रारंभींच सांगून टाकतों कीं, आम्ही अर्थशास्त्री नव्हों, आणि विमानविद्येशीं आमचा संबंध खिडकीजवळची जागा मिळाली तर बरें, या इच्छेपलीकडे कधीं गेला नाहीं. परंतु जो मुंबईंत वाढला त्याला या संस्थेकडे केवळ जमाखर्चाच्या दृष्टीनें पाहणें कठीण जातें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन, पुस मॉथ जातीच्या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानांतून कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस उतरून जुहूस येऊन पोहोंचले. तेथून पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बेल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. संस्थेचा तो मिशाळ, कमरेंत लवून स्वागत करणारा महाराजा १९४६ सालीं बॉबी कूका यांच्या कल्पनेंतून आणि उमेश राव या चित्रकाराच्या कुंचल्यांतून अवतरला. गायतोंडे, हुसेन यांचीं नांवें जगाच्या बाजारांत गाजूं लागण्यापूर्वींच त्यांचीं चित्रें या संस्थेनें विकत घेऊन आपल्या कचेऱ्यांच्या भिंतींवर लाविलीं. आणि नरिमन पॉइंटवरची तिची तेवीस मजली इमारत १९७४ सालीं उभी राहिली, तेव्हांपासून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर शेंगदाणे खात बसणाऱ्या प्रत्येक मनुष्यास ती आपलीच वाटत आली. ज्यांस या संस्थेचा अभिमान वाटे त्यांतील बहुतेकांनीं तिच्या विमानांत कधीं पाऊल ठेविलें नव्हतें. देवळाच्या गाभाऱ्यांत प्रवेश नसलेल्या भक्तासही कळसाचें दर्शन होतें, त्यांतलाच हा प्रकार होता.

विलीनीकरणाची कथा मात्र २००७ पासून सुरू होत नाहीं. दुसरें महायुद्ध संपल्यावर सैन्याचीं उरलेलीं डाकोटा विमानें स्वस्त भावानें विकावयास निघालीं, आणि ज्यांच्यापाशीं थोडें भांडवल व पुष्कळ धाडस होतें त्यांनीं विमानकंपन्या काढल्या. सरकारनेंही परवाने सढळ हातानें वाटले. परिणाम असा झाला कीं, विमानें फार आणि उतारू थोडे. न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या समितीनें १९५० सालीं, या कंपन्यांनीं आपखुषीनें एकत्र व्हावें, असें सुचविलें. परंतु आपखुषीनें आपलें नांव पुसावयास कोण तयार होतो? अखेर १९५३ च्या कायद्यानें १ ऑगस्ट रोजीं सरकारनें हा सगळा धंदाच आपल्या ताब्यांत घेतला. डेक्कन एअरवेज, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, आणि टाटांनीं वाढविलेल्या एअर इंडियाचा देशांतील विभाग, या आठांचें मिळून इंडियन एअरलाइन्स हें महामंडळ झालें. १९४८ सालीं ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानानें मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनची पहिली फेरी करणारी एअर इंडिया इंटरनॅशनल तेवढी परदेशगमनासाठीं निराळी राहिली, आणि तिचें अध्यक्षपद टाटांकडेच ठेवण्यांत आलें.

आठ घरांचें एक घर करण्याचा तो पहिला प्रयोग टिकला. तो कां टिकला, हें पाहण्यासारखें आहे. बहुतेक सर्व कंपन्या त्याच डाकोटा विमानांवर चालत होत्या, म्हणून वैमानिक, कारागीर आणि सुटे भाग एकमेकांच्या कामीं येत. दुसरें कारण याहून मोठें होतें. त्या दिवसापासून देशाच्या आकाशांत दुसरा कोणी उरलाच नाहीं. भाडें सरकार ठरवी, मार्ग सरकार ठरवी, आणि उतारूला पसंत नसेल तर त्याच्यासाठीं आगगाडी होतीच. स्पर्धा नसलेल्या घरांत गृहिणीचा स्वयंपाक नेहमींच उत्तम ठरतो. तेव्हां १९५३ चें यश हें विलीनीकरणाचें यश कीं एकाधिकाराचें, याचा निवाडा करण्याची गरज पुढें चाळीस वर्षें कोणास भासली नाहीं.

तितका काळ व त्यापुढेंही हीं दोन घरें शेजारीं शेजारीं नांदलीं. एक घर दिवाणखान्याचें. तेथें लंडन, न्यूयॉर्क, जिनीव्हा यांची बोली. बोइंग कंपनीचीं मोठीं विमानें. आणि साल्वादोर दाली या चित्रकाराकडून १९६७ सालीं राखदाणीचा नमुना करवून घेऊन मोबदल्यांत त्याला हत्तीचें पिल्लूं पाठविण्याइतकी हौस. दुसरें घर माजघराचें. तेथें नागपूर, गोवा, गुवाहाटी, लेह. एअरबस कंपनीचीं आटोपशीर विमानें. आणि एका दिवसांत अनेक वेळां उतरून पुन्हां चढण्याचें कष्टाचें काम. मुंबईंत एकाचा मुक्काम सहारला, तर दुसऱ्याचा सांताक्रूझला. दोघांचा धनी एक, पण चुली दोन. आणि एका धन्याच्या दोन चुलींमध्यें जितकी असूया असते तितकी परक्यांतही नसते, हें आपल्याकडे कोणास सांगावयास नको.

या काळांत दोन्ही घरांनीं देशाची सेवा केली नाहीं, असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. १९९० सालीं कुवेतवर इराकचें आक्रमण झालें, तेव्हां तेथें अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांस विमानांनीं स्वदेशीं आणण्यांत आलें, आणि त्या कामाचा मुख्य भार एअर इंडियानें उचलला. अशी सेवा कोणत्या रकान्यांत लिहावी, हें जमाखर्चाच्या शास्त्रानें अद्याप ठरविलेलें नाहीं. परंतु सेवा करणाऱ्याच्या हातूनच त्याचें घर बुडणारच नाहीं, असा मात्र कोठें नियम नाहीं. टाटांस १९७८ सालीं अध्यक्षपदावरून दूर करण्यांत आलें. १९९४ सालीं जुना कायदा रद्द होऊन खाजगी कंपन्यांस आकाश मोकळें झालें, आणि चाळीस वर्षें ज्या घरानें शेजार पाहिला नव्हता त्याच्या दाराशीं बाजार भरला. उतारू नव्यांकडे जाऊं लागले; जुन्यांकडे राहिले ते नोकरवर्ग, निष्ठा आणि मंत्रालयाचे दूरध्वनि.

अशा स्थितींत, २००५-०६ च्या सुमारास, दोन्ही संस्थांनीं मिळून १११ नवीं विमानें मागविलीं. एअर इंडियानें बोइंगचीं ६८, इंडियन एअरलाइन्सनें एअरबसचीं ४३. विमानें जुनीं झालीं होतीं आणि नवीं हवीं होतीं, यांत वाद नाहीं. वाद आहे तो पैशाचा. हीं विमानें स्वतःच्या शिलकेंतून नव्हे, तर बहुतांशीं कर्ज काढून घेतलीं गेलीं. देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं २०११ सालीं या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले, आणि संस्थेवरील कर्जाच्या डोंगरास ही खरेदीच मुख्यत्वें कारण झाली, असा निष्कर्ष काढला. मार्च २०१० अखेर तें कर्ज ३८ हजार कोटी रुपयांच्या वर गेलें होतें. आमच्याकडे लग्नाच्या आधीं कर्ज काढून दागिने घडविण्याची चाल आहे, आणि ते दागिने पुढें सावकाराच्याच पेटींत जातात, हेंही आपल्या पाहण्यांतलें आहे. येथें वधू आणि वर या दोघांनींही तेंच केलें, आणि मग लग्नाची बोलणीं सुरू झालीं.

लग्नाचा मुहूर्त कसा साधला तोही पाहावा. मंत्रिमंडळाची संमति मार्च २००७ मध्यें मिळाली. २२ मे रोजीं नवें बोधचिन्ह समारंभपूर्वक प्रकट झालें. प्रत्यक्ष विलीनीकरण ऑगस्टांत अमलांत आलें. म्हणजे मंगळसूत्राचा नमुना लग्नाच्या तीन महिने आधीं सर्वांस दाखविण्यांत आला! तो नमुना होता मोठा सुंदर. लाल रंगाचा उडता हंस, आणि त्याच्या अंगांत नारिंगी रंगाचें कोणार्कचें चक्र. इंडियन एअरलाइन्सनें दीडच वर्षापूर्वीं, डिसेंबर २००५ मध्यें, ‘इंडियन’ असें नवें नांव घेऊन कोणार्कचें चक्र आपल्या शेपटीवर रंगविलें होतें. तें पुरतें वाळलें नाहीं तोंच हंसानें तें गिळलें. एअर इंडियाचा १९४८ पासूनचा धनुर्धारी, अर्धा मनुष्य व अर्धा घोडा, यानें बाण खालीं ठेविला. हंसाविषयीं आपल्या कवींनीं सांगितलें आहे कीं, तो दूध व पाणी वेगळें करतो. ज्यानें हें चिन्ह निवडलें त्यास ही कविप्रसिद्धि ठाऊक असावी. परंतु दोन्ही घरांच्या खातेवह्यांत दूध किती आणि पाणी किती, हें पाहण्याचें काम त्या हंसाकडे कोणीं सोंपविलें नाहीं.

चिन्हें तत्काळ मिळालीं; माणसें मिळालीं नाहींत. आणि येथें आम्हांस थोडें थांबावयाचें आहे, कारण विलीनीकरणाचा खरा मर्मस्थ भाग हाच असून त्याकडेच सर्वांचें दुर्लक्ष होतें. वैमानिकाच्या आयुष्यांत ज्येष्ठतेची यादी ही कुंडलीसारखी असते. सहवैमानिकाचा मुख्य वैमानिक केव्हां व्हावयाचा, कोणत्या विमानावर, कोणत्या मार्गावर, हें सर्व त्या यादींतील क्रमावरून ठरतें. आतां असें समजा कीं, एका संस्थेंत मुख्य वैमानिक होण्यास थोडीं वर्षें लागत, आणि दुसरींत अधिक. दोन्ही याद्या एक करावयाच्या तर क्रम नोकरीच्या तारखेनें लावावा, कीं बढतीच्या तारखेनें? पहिल्या रीतीनें लावला तर जो आज मुख्य आहे तो उद्यां एखाद्या सहवैमानिकाच्या खालीं जातो; दुसऱ्या रीतीनें लावला तर ज्यानें अधिक वर्षें सेवा केली तोच मागें पडतो. दोन्ही रीति न्यायाच्या आहेत आणि दोन्ही अन्यायाच्या आहेत. वेतनाचेंही तसेंच. उड्डाणाच्या तासांचा मोबदला, परदेशांतील मुक्कामाचा भत्ता, रात्रीची विश्रांति, यांचे नियम दोन्ही घरांत निराळे होते, आणि प्रत्येक नियमामागें कधींकाळीं मोठ्या भांडणानें मिळविलेला एक करार होता. विमानांच्या जाति दोन असल्यामुळें बोइंगचा कारागीर एअरबसवर सही करूं शकत नव्हता. १९५३ सालीं डाकोटानें जें साधलें तें येथें साधणें शक्यच नव्हतें.

हे प्रश्न लग्नापूर्वीं सोडवावयाचे होते. ते सोडविण्यासाठीं न्यायमूर्ति धर्माधिकारी यांची समिति २०११ सालीं नेमली गेली, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनीं! त्याच वर्षीं पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनीं, आम्हांस समान वेतन द्या, म्हणून दहा दिवस संप केला. पुढच्या वर्षीं पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनीं, ड्रीमलायनर या नव्या विमानाचें शिक्षण त्या दुसऱ्या घरच्यांस कां, म्हणून ५८ दिवस संप केला. दोन्ही संपांचीं कारणें वाचलीं म्हणजे आम्हांस दोन्ही पक्षांविषयीं सहानुभूति वाटते, आणि तीच या प्रकरणांतील दुःखाची गोष्ट आहे. कोणीही दुष्ट नव्हता. दोघांसही असें वाटत होतें कीं, दुसऱ्याचें घर आपल्या घरांत आलें आणि आपल्या पानांतला घांस घेऊन गेलें. ‘पूर्वाश्रमीचा’ हा शब्द आम्ही संन्याशांसाठींच वापरीत असूं. या संस्थेंत तो वर्षानुवर्षें संसारी माणसांच्या नांवामागें लागत राहिला.

आकडे यानंतर आपोआप आले. विलीनीकरणापूर्वीं, २००६-०७ सालीं, दोन्ही संस्थांचा मिळून तोटा सुमारें ७७० कोटी रुपये होता. मार्च २००९ पर्यंत तो सुमारें ७,२०० कोटींवर गेला. याचा सर्व दोष विलीनीकरणावर लादणें न्यायाचें नाहीं. २००८ च्या उन्हाळ्यांत खनिज तेलाचा भाव पिंपास १४७ डॉलरांपर्यंत चढला, आणि त्याच्या मागोमाग जगभर मंदी आली. खाजगी कंपन्यांचीं लग्नेंही त्याच सुमारास झालीं, आणि तींही सुखाचीं झालीं नाहींत. जेट एअरवेजनें २००७ सालीं सहारा घेतली, किंगफिशरनें डेक्कन घेतली. किंगफिशर २०१२ सालीं आणि जेट २०१९ सालीं आकाशांतून नाहींशी झाली. फरक इतकाच कीं, खाजगी घर बुडालें तेव्हां त्याचे नोकर व धनको रडले. सरकारी घर बुडूं लागलें तेव्हां त्यास बुडूं देण्यांत आलें नाहीं. २०१२ सालीं सरकारनें त्यासाठीं वर्षानुवर्षें मिळून ३०,२३१ कोटी रुपयांचें भांडवल घालण्याची योजना मंजूर केली. २०१८ सालीं तीन चतुर्थांश भाग विकावयास काढला, तर एकही गिऱ्हाईक फिरकलें नाहीं. अखेर सर्व भाग विकावयास काढला, तेव्हां ८ ऑक्टोबर २०२१ रोजीं टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाली, आणि २७ जानेवारी २०२२ रोजीं संस्था त्यांच्या स्वाधीन झाली.

त्या दिवसांत आमच्या स्नेह्यांच्या बैठकींत जो वाद झाला तो येथें थोडक्यांत देतों, कारण तसा तो पुष्कळ घरीं झाला असेल. एक स्नेही म्हणाले, “माहेरवाशीण अडुसष्ट वर्षांनीं माहेरीं आली, आज डोळ्यांत पाणी येतें.” दुसरे म्हणाले, “डोळ्यांत पाणी आलें तरी चष्मा पुसून हिशेब वाचावा.” आम्ही त्या दोघांच्या मधोमध बसलों होतों, आणि आजही तेथेंच आहों. हिशेब असा आहे. ऑगस्ट २०२१ अखेर संस्थेचें देणें ६१,५६२ कोटी रुपये होतें. नव्या धन्यानें त्यांतील १५,३०० कोटी आपल्या शिरावर घेतले आणि २,७०० कोटी रोख दिले. उरलेले ४६,२६२ कोटी एका निराळ्या सरकारी कंपनीच्या नांवावर गेले. त्या कंपनीकडे जमिनी व इमारती ठेवण्यांत आल्या. त्यांची किंमत सुमारें १४,७१८ कोटी धरली होती. ही किंमत आणि रोख रक्कम वजा करतां सरकारच्या पदरीं सुमारें २८,८४४ कोटींचें ओझें राहिलें. देशाची वस्ती १४० कोटी धरिली, तर माणशीं दोनशें रुपयांहून थोडें अधिक. रक्कम फार मोठी नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या शेतमजुरानें विमान फक्त मान वर करून पाहिलें, त्याच्याही नांवें ती पडली आहे. आणि पूर्वीं वर्षानुवर्षें ओतलेला पैसा यांत धरलेलाच नाहीं.

म्हणून विकलें तें वाईट केलें, असें आमचें म्हणणें नाहीं. दर दिवशीं सुमारें वीस कोटी रुपये गळणारा घडा किती काळ धरून बसावा, यास मर्यादा आहे. आमचें दुःख निराळें आहे. जी वस्तु सर्वांची होती, तिच्याविषयीं प्रत्येक निर्णय घेतांना ती कोणाचीच नसल्यासारखा घेतला गेला. १११ विमानें मागविणारास त्यांचें व्याज द्यावें लागणार नव्हतें. दोन संस्था जोडणारास त्यांच्या याद्या जोडाव्या लागणार नव्हत्या. आणि ज्यांस हें सर्व सोसावें लागणार होतें त्या नोकरांस व करदात्यांस कोणीं विचारलें नाहीं. अभिमान सर्वांचा, अधिकार थोड्यांचा आणि भुर्दंड पुन्हां सर्वांचा, अशी ही विभागणी होती.

आतां तिसरें मीलनही होऊन गेलें आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजीं पूर्वीची एअरएशिया इंडिया ही एअर इंडिया एक्सप्रेसमध्यें, आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं विस्तारा ही एअर इंडियांत विलीन झाली. विस्तारांतील भागीदार सिंगापूर एअरलाइन्स हिच्याकडे एकत्रित संस्थेचा २५.१ टक्के भाग आला. त्याआधीं फेब्रुवारी २०२३ मध्यें ४७० नव्या विमानांची मागणी जाहीर झाली होती. धनी बदलला, पैसा बदलला, रीतही पुष्कळ बदलली. माणूस मात्र तोच आहे. २०२४ च्या एप्रिलांत विस्ताराच्या वैमानिकांत नव्या वेतनरचनेवरून नाराजी पसरून अनेक उड्डाणें रद्द झालीं, आणि मे महिन्यांत एअर इंडिया एक्सप्रेसच्या परिचारकवर्गानें एकाच वेळीं आजारपणाची रजा काढली. पानांतला घांस गेल्याची ती जुनी भावना नव्या ताटांतही होतीच. एवढें मात्र म्हटलें पाहिजे कीं, या वेळीं चिन्हाआधीं बराच काळ याद्यांवर व शिक्षणावर खर्ची पडला, आणि तोट्याचा भार ज्यानें सौदा केला त्याच्याच अंगावर राहिला.

१२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें या संस्थेचें विमान उड्डाण करतांच कोसळलें, आणि त्यांतील २४२ माणसांपैकीं २४१ व जमिनीवरील १९ माणसें मृत्यु पावलीं. त्या अपघाताचा संबंध आम्ही या जमाखर्चाशीं लावीत नाहीं, आणि कोणीं घाईनें लावूं नये. परंतु १९३२ सालीं टपालाचें तें चिमुकलें विमान ज्या शहरीं उतरलें होतें, तेथेंच हें घडलें, हें कळलें तेव्हां आमच्यापुढील सर्व रकाने कांहीं काळ पुसट झाले. विमानसंस्था म्हणजे अखेर परक्याच्या हातीं जीव देण्याचा विश्वास. तो विश्वास कर्जानें विकत मिळत नाहीं आणि विलीनीकरणानें दुप्पट होत नाहीं.

नरिमन पॉइंटची ती इमारत महाराष्ट्र सरकारनें १,६०१ कोटी रुपयांस घेण्याचें ठरविलें, आणि केंद्रानें त्यास २०२४ सालीं संमति दिली. म्हणजे मुंबईकरांची ती लाडकी वास्तु मुंबईकरांच्याच करांतून पुन्हां त्यांची होत आहे; ज्या वास्तूस आम्ही इतकीं वर्षें फुकट आपली म्हणत आलों, तिची किंमत आतां कागदावर लिहिली गेली. तें एका परीनें बरेंच झालें. आपलें म्हणावयाचें तर त्याची किंमत काय, ती कोण देतो, आणि ती देणाराला कोणी विचारलें काय, हे तीन प्रश्न लग्नाच्या बैठकींतच विचारावे. पुढें कधीं कोणी दोन अशक्त संस्था जोडून एक सशक्त संस्था करावयास निघाला, तर त्यानें बोधचिन्हाच्या चित्रकारास बोलावण्यापूर्वीं दोन्ही घरांच्या ज्येष्ठतेच्या याद्या आणि कर्जाच्या वह्या घेऊन एक आठवडा एकट्यानें बसावें, एवढीच आमची विनंति आहे.